स्टोमाच्या शस्त्रक्रियेनंतर पुन्हा पुन्हा येणारी मळमळ आणि पिशवीखालची आग: कारण कुठे शोधावे, काय करावे

"सिस्टर, मळमळू लालंय, अन् पिशवीखाली नुसती आग होऊ लालीय," असे स्टोमा झालेले, म्हणजे आतड्याचे टोक पोटावर बाहेर काढून त्यावर मलाची पिशवी लावलेले लातूर-धाराशिवकडचे रुग्ण फेरतपासणीला आल्यावर सांगतात, तेव्हा आपल्याला दोन वेगवेगळी दुखणी जडली आहेत असेच त्यांना वाटत असते. मळमळीसाठी गावातल्या डॉक्टरांकडून पित्ताची गोळी येते, आगीसाठी औषधाच्या दुकानातून मलम येते, दोन-तीन दिवस बरे जातात आणि मग दोन्ही तक्रारी पूर्वीपेक्षा जोराने परततात. शस्त्रक्रिया विभागात परिचारिका म्हणून काम करताना मला पटलेली गोष्ट अशी की, निदान इलिओस्टॉमी (लहान आतड्याचा स्टोमा) झालेल्या रुग्णांमध्ये तरी ही दोन दुखणी बहुधा एकाच चक्राचे दोन भाग असतात, आणि ते चक्र गोळी-मलमाने तुटत नाही. ते दोन ठिकाणी तोडावे लागते: पोटात जाणाऱ्या पाण्यातल्या मिठापाशी आणि पिशवी धरून ठेवण्यासाठी पोटावर चिकटवलेल्या प्लेटच्या छिद्रापाशी.

आधी आपला स्टोमा कोणता, हे डिस्चार्ज कार्डावरून नक्की करून घ्यावे. आपल्या भागात विषमज्वराने किंवा टीबीने आतड्याला भोक पडल्यामुळे, आतड्याला पीळ पडल्यामुळे, अपघातात मार लागल्यामुळे किंवा गुदाशयाच्या कर्करोगामुळे ही शस्त्रक्रिया करावी लागते. त्यातल्या कित्येक वेळा ती मध्यरात्री, तातडीने झालेली असते आणि नेमके काय केले हे नातेवाइकांना नीट समजलेले नसते. इलिओस्टॉमीत लहान आतड्याचे टोक बाहेर आणलेले असते, बहुधा पोटाच्या उजव्या बाजूला. कोलोस्टॉमीत मोठे आतडे असते, बहुधा डाव्या बाजूला, आणि तिथला मल बराच घट्ट असतो. पुढचे बरेचसे विवेचन इलिओस्टॉमीविषयी आहे, कारण वारंवार उलटणारा त्रास तिथेच अधिक होतो. कोलोस्टॉमीविषयी जिथे वेगळे सांगायचे आहे तिथे तसे सांगितले आहे.

ते चक्र असे चालते. अन्नातले पाणी आणि मीठ शोषून घेण्याचे मोठ्या आतड्याचे काम आता होत नाही, त्यामुळे पिशवीत येणारा मल पातळ, खारट आणि पाचकरसांनी भरलेला असतो. हेच पाचकरस प्लेटखाली शिरले की कातडी सोलवटून काढतात. कातडी जळू लागली की रुग्ण धास्तावतो आणि खाणेपिणे कमी करतो, कारण पोटात कमी गेले तर पिशवीत कमी येईल असा सरळ हिशेब त्याच्या मनात असतो. हा हिशेब चुकतो. उपाशी पोटीही आतड्यात रस पाझरत राहतात आणि गॅस वाढतो. मीठ आणि पाणी मात्र आत जात नाही, शरीर कोरडे पडते, आणि कोरड्या पडलेल्या शरीराला मळमळ सुटते. मळमळीमुळे जेवण आणखी तुटते. उलटीचा उमाळा आला की पोटाचे टाके ओढले जातात, पोट आवळले जाते, प्लेटची कड सुटते आणि पुन्हा गळती सुरू होते. म्हणूनच "अशक्तपणा आहे, जाईल हळूहळू" असे म्हणून हे अंगावर काढू नये.

आधी पिशवीत किती येते ते मोजावे

मळमळीचे कारण शोधण्याची सर्वांत चांगली जागा म्हणजे पिशवी. एक जुना मग घ्यावा, त्यावर 100 मिलीच्या खुणा करून घ्याव्यात आणि पिशवी दर वेळी त्यात रिकामी करून आकडा वहीत लिहावा. एक पूर्ण दिवस-रात्र हे केले की चित्र स्पष्ट होते. स्थिरावलेल्या इलिओस्टॉमीतून 24 तासांत साधारण 500 ते 800 मिली मल येतो आणि तो पातळ खिचडीइतपत दाट असतो. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत तो याहून जास्त असू शकतो. मात्र आकडा दीड लिटरच्या वर जात असेल आणि मल पाण्यासारखा येत असेल, तर मळमळीचे कारण मीठ-पाण्याची तूट हेच असण्याची शक्यता मोठी आहे. तोंड कोरडे पडणे, उभे राहताच चक्कर येणे, पोटऱ्यांत गोळे येणे आणि लघवी कमी व गडद पिवळी होणे ही तिची साथीदार लक्षणे आहेत.

इथे घरची माणसे मायेपोटी एक गोष्ट करतात आणि तिनेच त्रास वाढतो: तहान लागली की तांब्याभर साधे पाणी देतात. साध्या पाण्यात मीठ नसते, म्हणून लहान आतडे रक्तातले मीठ त्या पाण्यात सोडते, आणि मिठामागोमाग आणखी पाणी बाहेर ओढले जाते. तांब्याभर पाणी प्यायले की थोड्याच वेळात पिशवी फुगते, रुग्णाला तहान पुन्हा लागते आणि पाणी पचतच नाही अशी सगळ्यांची समजूत होते. गोड सरबत, शीतपेय आणि बिनपाण्याचा फळांचा रस यांनी तर मल आणखी पातळ होतो.

याला उतारा आहे तो जलसंजीवनीचा, म्हणजे ओआरएसचा. आशाताईंकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात ही पाकिटे मोफत मिळतात. औषधाच्या दुकानातून घ्यायची झाल्यास पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र असल्याचा उल्लेख पाहून एक लिटरचे पाकीट घ्यावे, त्यात 2.6 ग्रॅम मीठ आणि 13.5 ग्रॅम ग्लुकोजसह एकूण 20.5 ग्रॅम पूड असते. फळांच्या चवीची, खोक्यातून मिळणारी गोड पेये त्याच्या जागी घेऊ नयेत. पूर्ण पाकीट एका वेळी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात घालावे, अर्धे-अर्धे करू नये, आणि 24 तासांनंतर उरलेले टाकून द्यावे. पाकीट हाताशी नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ हे प्रमाण वेळ निभावून नेते. एकदम पेलाभर प्यायल्यास मळमळणाऱ्या पोटातून ते उलटून पडते; म्हणून दर पाच-दहा मिनिटांनी दोन घोट, गार करून, असे द्यावे. चव नकोशी वाटत असल्यास थोडे लिंबू पिळण्यास हरकत नाही.

पिशवीत दीड लिटरच्या वर येत असेल त्या दिवसांत निदान एक लिटर जलसंजीवनी पोटात जावी आणि साधे पाणी, चहा, ताक हे सगळे मिळून एक लिटरच्या आत ठेवावे, असा सल्ला सहसा दिला जातो. मात्र तो आपल्या डॉक्टरांना विचारूनच पाळावा. ज्यांना हृदयाचा, मूत्रपिंडाचा किंवा रक्तदाबाचा आजार आहे त्यांनी मिठाचे प्रमाण स्वतः ठरवू नये. एप्रिल-मे महिन्यांत मराठवाड्यात पारा 40 अंशांच्या वर असतो, घामातूनही मीठ जाते, आणि याच काळात ही तक्रार घेऊन येणारे रुग्ण वाढतात. एकादशी असो वा रमजानचा रोजा, निदान पहिले काही महिने तरी उपवास धरू नये. श्रद्धेचा मान राखून, पण स्पष्ट शब्दांत, हे मी प्रत्येक घराला सांगते.

जेवण दर दोन-तीन तासांनी थोडे थोडे असावे. मऊ भात, मीठ घातलेली पेज, पिकलेले केळे, उकडलेला बटाटा, दही आणि साबुदाण्याची खीर यांनी मल दाट होतो. जेवताना पाणी पिऊ नये, अर्ध्या तासाने प्यावे. सकाळी उठल्याबरोबर मळमळत असेल तर अंथरुणातच दोन मुरमुरे किंवा कोरडे टोस्ट चघळून मग उठावे. फोडणीचा वास सहन होत नसेल तर रुग्णाची खाट चुलीपासून दूर हलवावी. हे अगदी साधे आहे, पण दोन खोल्यांच्या घरात ते कुणाच्या लक्षात येत नाही. एवढे करूनही मल पातळच राहिला तर डॉक्टर लोपेरामाईड (आतड्याची चाल मंदावणारे औषध) सुरू करतात; ते जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायचे असते. जंतुसंसर्ग किंवा अडथळा असताना ते घातक ठरू शकते, म्हणून शेजाऱ्याची उरलेली गोळी घेऊ नये.

पिशवी रिकामी आणि पोट फुगलेले असेल तर

हा प्रकार वेगळा आहे आणि तो ओळखता आलाच पाहिजे. इलिओस्टॉमीतून चार ते सहा तास काहीच आले नाही, पोटात मुरडा येतो आहे आणि मळमळते आहे, तर आतड्यात अडथळा आहे असे धरून चालावे. पहिल्या सहा ते आठ आठवड्यांत आतडे सुजलेले असते आणि पोटाच्या भिंतीतून ते बाहेर येते तिथली वाट अरुंद असते. न चावलेला चिवट घास तिथे अडकतो. हुरडा, भुईमुगाच्या शेंगा, मक्याचे कणीस, ओले-सुके खोबरे, मोड आलेली कडधान्ये आणि मोसंबीची पाकळी सालीसकट खाणे या काळात टाळावे. जालन्याच्या मोसंबीचा रस गाळून, निम्मे पाणी घालून, चिमूटभर मीठ टाकून थोडासा चालतो. ज्वारीच्या भाकरीविषयी सगळेच विचारतात, आणि ते साहजिक आहे, कारण भाकरीवाचून जेवल्यासारखे वाटत नाही. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर ती बारीक चाळलेल्या पिठाची करून, वरणात कुस्करून, चांगली भिजल्यावर खावी. पहिल्या दिवशी चतकोर पुरे.

अडथळ्याची शंका येताच घट्ट अन्न बंद करावे. उलटी होत नसेल तर कोमट पेय घोट-घोट घ्यावे, कुशीवर झोपून गुडघे छातीशी घ्यावेत, पोटावर कोमट कापड ठेवावे, आणि स्टोमा सुजून प्लेटच्या छिद्रात आवळला गेला असेल तर प्लेट काढून मोठ्या छिद्राची लावावी. मात्र उलटी सुरू झाली असेल, किंवा एक-दोन तासांत काहीच सुटले नाही, तर तोंडाने काहीही न देता रुग्णालय गाठावे. बेंबी सरकली म्हणून पोट चोळून घेणे आणि पोट साफ व्हावे म्हणून एरंडेल किंवा जुलाबाचे औषध देणे या दोन गोष्टी कोणी कितीही वडीलधाऱ्या माणसाने सुचवल्या तरी करू नयेत. ताज्या टाक्यांवर आणि अडलेल्या आतड्यावर त्यांचा परिणाम जिवावर बेतू शकतो.

कोलोस्टॉमीत एक-दोन दिवस मल न होणे हे तितके भयानक नसते. दुखण्याच्या गोळ्या आणि कमी पाणी यांमुळे तिथे बद्धकोष्ठ होते व त्यातून मळमळ येते. अशा वेळी पाणी वाढवावे, थोडे चालावे आणि डॉक्टरांनी दिलेलेच सौम्य औषध घ्यावे. तीन दिवस झाले किंवा पोट फुगले तर दाखवावे.

मोजमाप ठीक आहे, अडथळाही नाही, तरीही मळमळते, अशा वेळी गोळ्यांचे पाकीट हातात घ्यावे. ट्रामाडॉल ही दुखण्याची गोळी रिकाम्या पोटी घेतल्याने मळमळ आणि चक्कर येते. मेट्रोनिडाझोल या जंतुनाशक गोळीने तोंडाला धातूसारखी चव येते. लोहाच्या गोळ्यांनीही पोट ढवळते. या गोळ्या स्वतः बंद न करता, वेळ आणि पर्याय यांविषयी डॉक्टरांना विचारावे. केमोथेरपी सुरू असलेल्यांना मळमळ आणि पातळ मल दोन्ही एकदम होऊ शकतात, त्यांनी वाट न पाहता कर्करोग विभागाला कळवावे. टीबीचा कोर्स सुरू असलेल्यांनी आणखी एक पाहावे: मळमळीबरोबर डोळे पिवळे दिसू लागले किंवा पुरेसे पाणी पिऊनही लघवी चहासारखी झाली, तर त्या गोळ्यांनी यकृताला त्रास होत असण्याची शक्यता असते आणि त्याच दिवशी दाखवणे आवश्यक असते. आणखी एक गोष्ट: पिशवीत जशीच्या तशी गोळी दिसली तर ते डॉक्टरांना सांगावे, कारण हळूहळू विरघळणारी किंवा जाड आवरणाची गोळी इलिओस्टॉमीत कधी कधी लागू होण्याआधीच बाहेर पडते.

आग होत असेल तर काढलेली प्लेट उलटी करून पाहावी

स्टोमाला स्वतःला वेदना होत नाहीत, कारण आतड्याच्या आतल्या अस्तराला तशी संवेदना नसते. आग होते ती भोवतालच्या कातडीची, आणि तिचे कारण जवळजवळ नेहमी काढलेल्या प्लेटच्या मागच्या बाजूवर दिसते. प्लेट टाकून देण्याआधी उजेडात धरावी. छिद्राभोवती सगळीकडून सारखी विरघळली असेल तर छिद्र मोठे कापले गेले आहे. एकाच बाजूला मलाचा ओघळ दिसत असेल तर त्या दिशेला पोटाला वळी किंवा टाक्यांचा खड्डा आहे, आणि बसल्यावर तो उघडतो. तिथे स्टोमा पेस्ट किंवा पेस्टची पट्टी भरून सपाटी आणावी लागते.

छिद्राविषयी जरा थांबून सांगते, कारण माझ्या पाहण्यात सर्वाधिक त्रास इथेच होतो. शस्त्रक्रियेनंतर सुजलेला स्टोमा पुढचे सहा ते आठ आठवडे आकसत जातो. रुग्णालयातून निघताना जे माप दिले, त्याच मापाने घरी छिद्र कापत राहिल्यास दर आठवड्याला स्टोमाभोवती उघड्या कातडीचे कडे रुंद होत जाते आणि नेमके तेच कडे जळते. म्हणून या काळात दर आठवड्याला, खोक्यातल्या मापपट्टीने, नव्याने माप घ्यावे. छिद्र स्टोमाहून फक्त 2 ते 3 मिलिमीटर मोठे असावे. स्टोमा गोल नसेल तर स्वच्छ पारदर्शक प्लास्टिक त्यावर धरून आकार आखून घ्यावा आणि त्याप्रमाणे कापावे. कापलेली कड बोटाने गुळगुळीत करावी.

प्लेट बदलण्याची वेळ सकाळची, चहापूर्वीची उत्तम, कारण रात्रभराच्या उपाशी पोटामुळे तेव्हा मल कमी येतो. जुनी प्लेट ओढू नये. कड सोडवून, एका हाताने कातडी खाली दाबत ओल्या कापडाने हळूहळू वेगळी करावी. कातडी कोमट साध्या पाण्याने आणि मऊ सुती कापडाने पुसावी, आणि पूर्ण वाळू द्यावी. डेटॉल, स्पिरिट, खोबरेल तेल, हळद, अंगाची पावडर यांतले काहीही लावू नये. तेलकट कातडीवर प्लेट चिकटत नाही आणि पुढच्या काही तासांतच गळते. खाजेसाठी दुकानातून सहज मिळणाऱ्या मलमांत बहुधा स्टेरॉइड असते, त्याने कातडी पातळ होते. कातडी ओलसर पाझरत असेल तर स्टोमा पावडर भुरभुरून, जास्तीची झटकून, त्यावर संरक्षक फवारा मारावा, वाळू द्यावा, आणि हे दोन-तीन थर करून मग प्लेट लावावी. लावल्यावर काही मिनिटे तळहात ठेवून तिला ऊब द्यावी. उन्हाळ्यात घामाने आणि उष्णतेने प्लेट लवकर विरघळते, त्यामुळे एरवी तीन-चार दिवस टिकणारी प्लेट त्या दिवसांत आधी बदलावी लागते. कोरे सामान पत्र्याखालच्या फळीवर न ठेवता घरातल्या सर्वांत गार, कोरड्या कोपऱ्यात डब्यात ठेवावे.

प्लेट महाग असते आणि पैसे वाचवण्यासाठी गळतीवर चिकटपट्टी लावून ती आणखी दोन दिवस ओढली जाते, हे मी रोज पाहते. त्यामागची अडचण मला कळते. पण पट्टीखाली मल कोंडला जातो, कातडी सोलवटते, आणि सोलवटलेल्या कातडीवर पुढची प्लेट दिवसभरही टिकत नाही. शेवटी प्लेटा जास्तच लागतात. काटकसर करायचीच असेल तर प्लेट आणि पिशवी वेगळी असणारा दोन भागांचा प्रकार घ्यावा आणि पिशवी धुऊन वापरावी. गळू लागलेली प्लेट मात्र त्याच वेळी काढावी. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करावी, कारण भरलेल्या पिशवीचे वजनच प्लेटची कड सोडवते.

केसांच्या मुळाशी बारीक फोड दिसल्यास तिथले केस उपटू नयेत, कात्रीने बारीक कापावेत. लाल चट्ट्याभोवती सुटे ठिपके आणि खाज असेल तर ती बुरशी असते व तिला डॉक्टरांनी दिलेली बुरशीनाशक पावडर लागते. कातडीवर खोल, जांभळ्या कडेचा, फार दुखणारा व्रण पडला तर घरी काहीच न करता दाखवावे.

मधल्या मोठ्या जखमेचे दुखणे हा शेवटचा भाग. खोकला, शिंक किंवा उलटी येताना छोटी उशी जखमेवर दोन्ही हातांनी दाबून धरल्यास टाक्यांवरचा ताण बराच कमी होतो. ही उशी रुग्णाच्या उशाशीच असावी. उठताना सरळ न उठता आधी कुशीवर वळावे आणि हाताच्या आधाराने बसावे. पाण्याचा टँकर आला की घरातल्या बाईचा हात आपोआप हंड्याकडे जातो, पण भरलेला हंडा दहा किलोंहून जड असतो आणि पहिल्या तीन महिन्यांत तो उचलल्यास स्टोमाशेजारी हर्निया होण्याचा धोका असतो. ते काम घरातल्या दुसऱ्या कुणीतरी घेतलेच पाहिजे. गुदद्वार काढून टाकलेल्या रुग्णांनी मधे भोक असलेल्या उशीवर बसू नये, त्याने जखम ताणली जाते. साधी मऊ उशी घ्यावी.

उलटी थांबत नसेल, पिशवीत दोन लिटरच्या वर येत असेल किंवा इलिओस्टॉमी असून काहीच येत नसेल, सहा-आठ तास लघवी झाली नसेल, ताप असेल, स्टोमा गुलाबी-लाल न राहता जांभळा किंवा काळा पडला असेल, किंवा पिशवीत रक्त साचत असेल, तर 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर, नांदेड येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये किंवा जिथे शस्त्रक्रिया झाली ते रुग्णालय, यांपैकी जवळचे गाठावे. निघताना डिस्चार्ज कार्ड, मोजमापाची वही, सुरू असलेल्या गोळ्यांची पाकिटे आणि एक कोरी प्लेट व पिशवी बरोबर घ्यावी, कारण तालुक्याच्या ठिकाणी हे सामान मिळेलच असे नाही. एका चिठ्ठीवर स्टोमाचा प्रकार, शस्त्रक्रियेची तारीख, शेवटचे काय व कधी खाल्ले, पिशवीत शेवटचे कधी व किती आले आणि उलट्या कधीपासून आहेत, एवढे लिहून ती तपासणाऱ्या डॉक्टरांच्या हातात द्यावी.